साखळी, चषक आणि पेठेची इभ्रत

मँचेस्टर युनायटेड किंवा बार्सिलोनाच्या सामन्यासाठी रात्र जागवणारा फुटबॉलप्रेमी आज महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात भेटतो. आपल्या पेठेच्या संघासाठी भर दुपारी स्टेडियमच्या पायरीवर येऊन बसणारा प्रेक्षक पाहायचा असेल, तर मात्र कोल्हापूरला जावे लागते. साधारणतः दिवाळी सरली की तेथील शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या हंगामाची चाहूल लागते आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत हा हंगाम शहराला गुंतवून ठेवतो. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ असे संघ या काळात आधी साखळी स्पर्धेत आणि मग एकामागून एक होणाऱ्या चषक स्पर्धांत परस्परांसमोर उभे ठाकतात.

यांपैकी एकही संघ देशाच्या अव्वल साखळीत खेळत नाही. बहुतेक खेळाडू नोकरी, शिक्षण किंवा छोटा व्यवसाय सांभाळून खेळतात. तरीही महत्त्वाच्या सामन्याला स्टेडियम भरते आणि निकालाची चर्चा आठवडाभर चौकाचौकांत रंगते. राष्ट्रीय विजेतेपदाशी ज्याचा थेट संबंध नाही, अशा हंगामात इतके पणाला लागण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडमधील लहान क्लबांकडे पाहणे उपयोगाचे ठरते. कारण छोट्या क्लबच्या हंगामाला अर्थ देणाऱ्या गोष्टी दोनच असतात. एक, पायरी-पायरीने वर चढण्याची शक्यता. दुसरी, एखाद्या दुपारी बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला धूळ चारण्याची संधी. इंग्लंडमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत गुंफल्या गेल्या आहेत. कोल्हापूरने त्या स्वबळावर उभ्या केल्या. मात्र तेथील शिडी शहराच्या वेशीवरच संपते.

दोन परीक्षा, दोन न्याय

साखळी आणि बाद पद्धत यांतील फरक वरवर पाहता केवळ वेळापत्रकाचा वाटतो. प्रत्यक्षात त्या गुणवत्तेकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी आहेत. सोळा संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचे ठरवले, तर १२० सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १५ सामने येतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. एखादा दिवस वाईट गेला तरी भरपाईला पुढचा आठवडा असतो. त्यामुळे साखळीचे विजेतेपद सहसा अशा संघाला मिळते, ज्याच्या राखीव खेळाडूंतही दम आहे, ज्याचे प्रशिक्षण नियमित चालते आणि जो दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध गाफील राहत नाही.

त्याच सोळा संघांची बाद फेरी घेतली, तर अवघ्या १५ सामन्यांत विजेता ठरतो. परंतु आठ संघांचा पहिला सामनाच अखेरचा असतो. येथे सातत्याला फारशी किंमत नाही. एक चुकलेला पास, पंचांचा एक निर्णय किंवा टायब्रेकरमध्ये गोलखांबाला लागून परतलेला एक चेंडू हंगामाची दिशा पालटतो. साखळी खरा बलवान कोण हे सांगते. चषक त्या बलवानालाही हरवता येते हे सिद्ध करतो.

या दोन न्यायांची गाठ एकाच हंगामात कशी पडते, हे मुंबई सिटी एफसीच्या चाहत्यांना २०२४ मध्ये चांगलेच समजले. त्या वर्षी १५ एप्रिल रोजी साखळी टप्प्यातील अखेरच्या सामन्यात मोहन बागानने मुंबईला २-१ असे हरवले आणि इंडियन सुपर लीगची शील्ड कोलकात्यात राहिली. तीन आठवड्यांच्या आतच, ४ मे रोजी त्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईने मोहन बागानला ३-१ असे नमवून स्पर्धेचा चषक जिंकला. श्रेष्ठ संघ कोणता, या प्रश्नाला एकाच हंगामाने दोन उत्तरे दिली आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती.

लिंकनचा अविस्मरणीय हंगाम

इंग्लंडमधील एफए कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला. फुटबॉल लीग, म्हणजे साखळी, आली ती १८८८ मध्ये, बारा क्लबांना घेऊन. आज तेथील वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालच्या साऱ्या क्लबांना 'नॉन-लीग' म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. हे क्लब साखळीबाहेरचे नसतात. पाचव्या श्रेणीपासून गावपातळीपर्यंत त्यांच्याही साखळ्या एकीखाली एक अशा रचलेल्या आहेत. एफए कपमध्ये दरवर्षी सातशेहून अधिक संघ उतरतात. त्यांतील असंख्य क्लब ऑगस्टपासून पात्रता फेऱ्या खेळू लागतात आणि मोठे क्लब पुढील वर्षीच्या जानेवारीत स्पर्धेत येतात.

खालच्या साखळ्यांतून वर येण्याचा रस्ता मात्र फार काळ बंद होता. चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेला क्लब काढून नवा घ्यायचा की नाही, हे लीगचे सदस्य क्लब मतदानाने ठरवत आणि साहजिकच मते बहुधा जुन्या सोबत्यालाच पडत. १९८६-८७ च्या हंगामापासून ही पद्धत मोडीत निघाली. पाचव्या श्रेणीच्या विजेत्याला थेट बढती मिळू लागली. पहिला मान स्कारबरोला मिळाला आणि त्याच्यासाठी जागा रिकामी करून खाली गेला तो लिंकन सिटी. लिंकन एका वर्षात परतला खरा. पण २०११ मध्ये पुन्हा पाचव्या श्रेणीत घसरला आणि या वेळी तेथेच अडकून पडला.

या पार्श्वभूमीवर लिंकनचा २०१६-१७ चा हंगाम पाहावा. प्रशिक्षक डॅनी काउली आणि त्यांचे सहायक असलेले बंधू निकी हे दोघेही काही काळापूर्वीपर्यंत शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. एफए कपच्या पात्रता फेरीत गाइझलीविरुद्ध बरोबरी झाल्याने या संघाला पुनर्सामना खेळावा लागला होता. तेथून सुटका झाल्यावर त्याने ऑल्ट्रिंकॅम, ओल्डहॅम, इप्सविच आणि ब्रायटन यांना एकेक करून बाहेर काढले. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रीमियर लीगमधील बर्नलीला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून लिंकन उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. १९१४ नंतर नॉन-लीग क्लबने ही फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे आर्सेनलने पाच गोलांनी पराभव केला, पण त्याची खंत कोणाला वाटली नसावी.

खरी कसोटी पुढेच होती. चषकातील वाटचालीमुळे साखळीतील सामने लांबणीवर पडले आणि ते थोड्या दिवसांत दाटीवाटीने खेळावे लागले. अशा वेळी लहान संघांचे पाय थकतात आणि साखळी हातची जाते. लिंकनने मात्र ९९ गुणांसह पाचव्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून बढती घेतली. दुसऱ्या क्रमांकावरील ट्रॅनमेअरचे ९५ गुण होते. बढतीची उरलेली एकमेव जागा बाद पद्धतीच्या प्ले-ऑफने ठरणार होती. त्याच्या अंतिम सामन्यात ८६ गुण असलेल्या फॉरेस्ट ग्रीनने ट्रॅनमेअरला ३-१ असे हरवले. साखळीत नऊ गुणांनी पुढे असलेला संघ एका दुपारमुळे जिथल्या तिथे राहिला. हंगामभराच्या घामाला बाद पद्धत कधी मुकुट घालते, तर कधी त्यावर पाणी फिरवते, हे त्या एकाच श्रेणीत दिसून आले.

चषकातील यशाला पैशाचीही बाजू असते. मोठ्या क्लबशी सामना पडला की तिकिटांच्या उत्पन्नात वाटा मिळतो, दूरचित्रवाणीचे शुल्क मिळते. लिंकनने इप्सविचला बाहेर काढले तेही बरोबरीनंतर आपल्या मैदानावर झालेल्या पुनर्सामन्यात. म्हणूनच २०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतील पुनर्सामने रद्द झाले, तेव्हा सर्वांत तीव्र नाराजी खालच्या श्रेणीतील क्लबांनी व्यक्त केली. थकलेल्या बड्या खेळाडूंना त्यामुळे एका सामन्याची विश्रांती मिळाली. लहान क्लबची मात्र वर्षभराची बेगमी करून देणारी एक संध्याकाळ गेली.

तालमीतून मैदानात

कोल्हापूरच्या संघांच्या नावांतील 'तालीम' हा शब्द त्यांचा इतिहास सांगतो. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला. १९१२ चे खासबाग मैदान ही त्याचीच खूण. पेठेपेठेतील तालमी केवळ मल्ल घडवत नव्हत्या. पेठेचा उत्सव, पेठेतील तंटा, पेठेवरचे संकट या सर्वांचा निवाडा तालमीच्या कट्ट्यावर होई. पुढे राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉलला राजघराण्याचे प्रोत्साहन मिळाले आणि लाल मातीत मुरलेली ही ईर्षा हिरवळीवर उतरली. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने, म्हणजेच 'केएसए'ने, या खेळाला नियमबद्ध चौकट दिली. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही टिकून आहे.

हंगामाची सुरुवात खेळाडूंच्या नोंदणीने होते. कोणता खेळाडू जुन्या संघात राहिला आणि कोण दुसऱ्या तालमीकडे गेला, याची चर्चा पहिली शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. त्यानंतर साखळी. वरिष्ठ गटातील सोळा संघांत 'सुपर सिनियर' आणि 'सिनियर' अशी वर्गवारी असते, त्यांच्याखाली आणखी गट. तळाच्या संघांवर खालच्या गटात जाण्याची टांगती तलवार असते. ज्या तालमीने पूर्वी विजेतेपदे मिळवली, तिच्यावर अशी पाळी येणे हा पेठेला अपमान वाटतो. त्यामुळे तक्त्याच्या माथ्यावरील लढतीइतकीच तळाची झुंजही जीव तोडून खेळली जाते.

साखळी आटोपली की चषकांचा मोसम येतो. सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक अशी नावे कोल्हापूरकरांच्या तोंडी असतात. येथे बाद पद्धत आणि निर्धारित वेळेत निकाल न लागल्यास टायब्रेकर. शिवाजी पेठेचा संघ मंगळवार पेठेच्या संघाशी भिडणार असला की दुपारी शहराचा तो भाग ओस पडतो. साखळीत मागे पडलेल्या संघाला हंगाम वाचवण्याची ही शेवटची संधी असते. एखाद्या लहान मंडळाने मातब्बर तालमीला बाहेर काढले, तर अंतिम फेरी न गाठताही त्याचे वर्ष सार्थकी लागते.

वर्गणी, बक्षीस आणि बाहेरचे खेळाडू

या हंगामाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय त्याचे बळ आणि दुबळेपण दोन्ही कळणार नाहीत. संघाचा खर्च पेठेतील वर्गणी, व्यापारी आणि उद्योजकांची मदत, माजी खेळाडूंचा हातभार आणि स्पर्धांतील बक्षिसे यांतून भागतो. चषक स्पर्धांमागे बहुधा राजकीय नेते किंवा त्यांचे समर्थक असतात. मैदानावरील हजारो प्रेक्षक हे मतदारही असतात, हे उघड आहे. त्याबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही. नेत्यांमधील ही चढाओढ नसती, तर कोल्हापूरला इतक्या स्पर्धा लाभल्याच नसत्या.

तथापि, तिचा परिणाम खेळावर होतो. बक्षिसाची रक्कम आणि प्रतिष्ठा चषकात असल्याने संघांचे लक्ष तिकडे झुकते. गेल्या काही वर्षांत परगावचे आणि नायजेरियासारख्या देशांतून आलेले खेळाडू मैदानावर दिसू लागले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, स्थानिक बचावपटूंना नव्या ताकदीशी सामना करण्याची सवय झाली. परंतु त्यांच्यावर खर्च वाढला की कुमार संघाकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. पेठेतील चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या तालमीच्या पहिल्या संघात जागा मिळण्याची आशाच उरली नाही, तर तो मैदानावर येईल कशासाठी? लहान क्लबचे भांडवल बँकेत नसते. ते त्या मुलाच्या आशेत असते.

कंपनीचा संघ, गल्लीचा संघ

एवढ्या अडचणी असूनही या तालमींकडे एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातील व्यावसायिक क्लबांना मिळवता आली नाही. ती म्हणजे टिकाऊपणा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक दोन्ही जिंकले. १९६२ पासूनची परंपरा असलेला हा संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि दोन हंगामांनंतर त्याचा वरिष्ठ संघ दिसेनासा झाला. पुण्याच्याच भारत एफसीने आय-लीगचा एकच हंगाम पाहिला, डीएसके शिवाजियन्सने दोन. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये आय-लीगच्या तळाला गेला आणि तेथेच त्याचा प्रवास थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

ही यादी वाचताना एक सूत्र ठळकपणे दिसते. हे संघ हरले म्हणून बंद पडले नाहीत. काही तर जिंकत असताना बंद पडले. त्यांचे अस्तित्व संचालक मंडळाच्या एका बैठकीवर अवलंबून होते. तालमीचे तसे नसते. खंडोबा तालमीचा किंवा दिलबहारचा संघ सलग पाच वर्षे हरला, म्हणून पेठ आपला संघ विकू शकत नाही. कारण तो संघ पेठेने विकत घेतलेला नसतो. गणेशोत्सवात मांडव घालणारे, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बोटी आणि अन्नाची पाकिटे घेऊन धावणारे हात आणि संघाच्या गणवेशासाठी वर्गणी गोळा करणारे हात एकच असतात. इंग्लंडमधील नॉन-लीग क्लबही याच आधारावर शतकभर तगले आहेत. मालक बदलतात, श्रेणी बदलते. गाव आपला संघ सोडत नाही.

वेशीवर संपणारी शिडी

फरक आहे तो पुढच्या पायरीचा. लिंकनच्या मुलाला ठाऊक असते की, आपला क्लब पाचव्या श्रेणीतून चौथ्यात आणि तेथून तिसऱ्यात जाऊ शकतो. कोल्हापूरच्या साखळीचा विजेता पुढच्या वर्षी पुन्हा त्याच साखळीत, त्याच प्रतिस्पर्ध्यांशी, त्याच स्टेडियमवर खेळतो. संघ वर जाऊ शकत नसल्याने खेळाडूला एकट्याने वर जावे लागते. अनिकेत जाधव लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे २०२१-२२ मध्ये सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद एफसीच्या संघात तो होता. जो क्लब पुण्याने गमावला, त्याच्याच जागी आलेल्या क्लबमध्ये कोल्हापूरच्या खेळाडूला यश लाभावे, हा योगायोग बरेच काही सांगून जातो. निखिल कदमनेही मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडपर्यंत मजल मारली. या दोघांचा कोल्हापूरला अभिमान आहे. मात्र त्यांचे यश पेठेच्या संघाच्या बढतीतून आले नाही. त्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले.

राष्ट्रीय पातळीवर काही पायऱ्या अलीकडे बांधल्या गेल्या. २०२३ मध्ये आय-लीग जिंकलेला पंजाबचा राउंडग्लास संघ बढती मिळवून सुपर लीगमध्ये गेला. अशी बढती मिळालेला तो पहिला संघ. त्याच वर्षी राज्य संघटनांनी नामांकित केलेल्या क्लबांसाठी 'आय-लीग ३' ही तळाची राष्ट्रीय श्रेणी सुरू झाली. म्हणजे कागदावर तरी तळापासून माथ्यापर्यंत रेघ ओढली गेली. परंतु त्या रेघेवर पाऊल ठेवायचे तर परवाना हवा, पात्रताधारक प्रशिक्षक हवेत, वयोगटांचे संघ हवेत, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च हवा आणि हिशेब चोख हवेत. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हा भार एकट्याने पेलणे कठीण आहे.

यावर उपाय राज्याच्या पातळीवरच शोधावा लागेल. जिल्ह्याच्या साखळीतील विजेत्याला राज्याच्या स्पर्धेत हक्काची जागा मिळाली आणि तेथील प्रवासखर्चाचा काही भाग राज्य संघटनेने उचलला, तर तक्त्यातील पहिल्या क्रमांकाला आजच्यापेक्षा वेगळे मोल येईल. चषकांच्या प्रायोजकांनीही बक्षिसाचा काही वाटा कुमार संघांसाठी बांधून दिला, तर त्यांच्या नावाचा चषक अधिक काळ लक्षात राहील.

तालमींनाही आपले घर सावरावे लागेल. प्रेक्षकांतील हाणामाऱ्या आणि त्यामुळे थांबलेले सामने ही कोल्हापूरच्या फुटबॉलची जुनी दुखरी नस आहे. ज्या ईर्षेमुळे स्टेडियम भरते, तीच ईर्षा आवरली नाही तर ते रिकामे करावे लागते. पालक मुलाला मैदानावर पाठवताना विचार करतात, प्रायोजक हात आखडता घेतात आणि बाहेरच्या क्लबचा निरीक्षक फिरकत नाही. शिस्तीचा प्रश्न त्यामुळे केवळ पोलिसांचा राहत नाही. संघाच्या भवितव्याशी तो थेट जोडलेला आहे.

लिंकनने २०१७ मध्ये मिळवलेले यश थोर होते, पण ते आकाशातून पडले नव्हते. त्या क्लबसाठी एक शिडी उभी होती आणि सहा वर्षे खालच्या पायरीवर राहूनही गावाने ती सोडली नव्हती. कोल्हापूरच्या पेठांनी आपल्या वाट्याचे काम कित्येक दशके चोख केले आहे. संघ जिवंत ठेवला, प्रेक्षक जिवंत ठेवला, खेळ जिवंत ठेवला. पुढची पायरी बांधणे हे मात्र एकट्या पेठेचे काम नाही.